नळाची वाटणी

आमच्या भावकीत अजून म्हणतात की घर मी फोडलं. लग्नात पंगतीला बसलो की कुणी ना कुणी शेजारच्याला कोपरानं ढोसतो आणि हळूच सांगतो, "हेच ते, नळ तोडणारे." म्हणोत. मी चौथी शिकलेला माणूस, हातात पेन धरायची सवय पाना धरण्याइतकी नाही. तरी हे लिहायला बसलोय, कारण तोंडानं सांगायला गेलो की मधेच कुणीतरी म्हणतं, "जाऊ द्या हो आता." का जाऊ द्यायचं? ज्यानं सगळ्यांना घाण पाणी पाजलं त्याला कुणी चकार शब्द बोलत नाही आणि ज्यानं पाईप कापला तो घरफोड्या. हा कुठला न्याय?

आमचं गाव तेव्हा नुकतंच महापालिकेत गेलं होतं. शेतांवर इमारती उभ्या राहत होत्या आणि दारासमोरच्या रस्त्यावर हिंजवडीच्या कंपन्यांच्या बसगाड्या सकाळपासून रांगेत उभ्या असायच्या. आजोबांच्या वाड्याच्या जागेत आमची चार घरं, उतारावर एकाखाली एक. सगळ्यात वर, रस्त्याला लागून, माझा धाकटा चुलतभाऊ. मधे दोन घरं चुलत्यांच्या पोरांची. सगळ्यात खाली, ओढ्याकडच्या अंगाला, मी.

आजोबांच्या मागं आमच्यात सगळ्याच्या वाटण्या झाल्या. जमिनीच्या झाल्या, विहिरीच्या पाळ्या लागल्या, गोठ्यातली गव्हाणसुद्धा दोरीनं मोजून घेतली. चिंचेच्या कुठल्या फांदीच्या चिंचा कुणी पाडायच्या यावरून माझा बाप आणि चुलता अख्खा उन्हाळा एकमेकांशी बोलले नव्हते. वाटणी झाली नाही ती एका नळाची. ग्रामपंचायतीच्या काळातलं कनेक्शन, आजोबांच्या नावावर. आजोबा गेले तरी पट्टी त्यांच्याच नावानं यायची आणि आम्ही चौघं मिळून भरायचो. एक लोखंडी पाईप वरून खाली यायचा आणि प्रत्येक घराला त्यातून फाटा. आम्हाला त्याची केवढी ऐट. पाहुणे आले की सांगायचो, चुली चार हायत पण नळ एक हाय. आता वाटतं, चिंचा एकत्र खाल्ल्या असत्या आणि नळ वेगळे केले असते तर चौघांचंही भलं झालं असतं. पण तेवढी अक्कल तेव्हा चौघांपैकी एकालाही नव्हती.

मी एका औषधांच्या कंपनीत फिटर होतो, रिटायर होईपर्यंत. तिथं पिण्याच्या पाण्याची लाईन आणि कामाच्या पाण्याची लाईन यांच्या मधे एक व्हॉल्व्ह असायचा. आत दोन पडदे आणि दोन पडद्यांच्या मधे खाली एक तोंड. पाणी पुढं जायचं, मागं येऊ लागलं की पडदा बंद. पडदा नीट बसला नाही तर मागं येणारं पाणी त्या तोंडातून फरशीवर पडायचं, पिण्याच्या लाईनीत जायचं नाही. आम्ही त्याला थुंक्या म्हणायचो. थुंक्या थुंकला की काम बंद, मग साहेब असो की साहेबाचा साहेब. ठरलेल्या दिवशी त्याला गेज लावून टेस्ट करायचं आणि ज्यानं टेस्ट केली त्यानं कँटीनच्या नळाचा पहिला ग्लास सगळ्यांसमोर प्यायचा. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, आमच्या वस्तादानं घातलेला होता. मी तो ग्लास कितीदा प्यालो असेन. मिशीला पाणी लागू न देता प्यायचो, ऐटीत. माझ्या टेस्टिंगवर कुणी बोट ठेवलेलं मला आठवत नाही आणि कुणी ठेवलं असतं तर मी ऐकूनही घेतलं नसतं.

मी रिटायर झालो त्याच सुमाराला धाकट्यानं रस्त्याकडच्या जागेत गाड्या धुवायचं वॉशिंग सेंटर काढलं आणि वर तीन मजले चढवून कंपनीतल्या पोरांसाठी हॉस्टेल केलं. धंद्यात तो हुशार, हे मी नाकारत नाही. गाड्या धुवायला त्यानं बोअर मारली आणि हौद बांधला, अर्धा जमिनीत, अर्धा वर. हौदाच्या भिंतीला लागून हॉस्टेलच्या संडासाचं चेंबर आणि गाड्या धुतलेल्या पाण्याचं गटार, दोन्ही आत झिरपणारी. उन्हाळ्यात बोअर आटते म्हणून त्या हौदात सामाईक नळाचा एक फाटाही सोडला. नळाचं पाणी वरून पडलं की हौद वाजतो आणि खालच्या खोलीतल्या पोरांची झोप मोडते. मग पाईप वाढवून हौदाच्या तळापर्यंत बुडवला. झोप मोडायला नको.

मी तेव्हाच त्याला सांगितलं होतं. "अरे, नळाचं पाणी गेलं की पाईप रिकामा होतो आणि मागं ओढतो. तुझा पाईप बुडालेला हाय. हौदातलं पाणी आमच्या नळाला येईल."

"मग काय करू म्हणता, दादा?"

"पाईप वर घे, हौदाच्या काठापासून वीतभर उंच. त्ये नको असंल तर एनआरव्ही लाव, उलटं येऊ न देणारा."

बोहरी आळीत जाऊन व्हॉल्व्ह मीच आणला, मीच बसवला. चार महिने गेले. मग एक दिवस त्याच्याकडं गेलो तर त्या व्हॉल्व्हचं झाकण कोरं दिसलं, नुकताच पाना लागल्यासारखं. उघडून बघितलं तर आत पडदाच नाही. नुसतं खोकं. बाहेरून व्हॉल्व्ह दिसतो, आत मोकळं रान.

"फोर्स कमी येत व्हता," धाकटा म्हणाला. "हौद भरायला येळ लागायचा. अन् पडदा रातभर टकटक करायचा. प्लंबरनं काढला."

"आणि मला सांगितलं न्हाई?"

"तुमी चिडला असता."

म्हणजे मी चिडेन हे कळत होतं. का चिडेन हे कळून घ्यायचं नव्हतं.

पडदा परत लाव म्हणून मी मागं लागलो. आज लावतो, उद्या लावतो, दिवाळी झाली की लावतो. त्याच्या घरात तोवर भिंतीवर फिल्टर बसला होता आणि सेंटरवर रोज विकतचा जार यायचा. ज्याच्या हौदातून घाण येणार तो गाळून पिणार आणि उताराला राहणारे आम्ही तशीच पिणार.

मग हॉस्टेलमधला एक मुलगा काविळीनं आजारी पडला. त्याचे आईबाप येऊन त्याला घेऊन गेले. त्याच्यामागं दुसरा. मग मधल्या घरातली चुलतभावाची बायको. धाकटा म्हणाला, "पोरं गाड्यावरचं काहीबाही खातात." मी विचारलं, "आणि वैनी?" तर म्हणाला, "त्या लग्नाला गेल्या व्हत्या की." उत्तर त्याच्याकडं कायम तयार.

तेव्हा माझी सून गरोदर होती, सातवा लागलेला. पहिलटकरीण. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडंच ठरलेलं. तपासणीला नेलं तर डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "तुमच्या भागात काविळीचे पेशंट दिसताहेत. पाणी कुठलं पिता?" माझी बायको म्हणाली, "नळाचं." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "गरोदरपणात ही कावीळ फार वाईट. आई आणि बाळ, दोघांच्याही जिवावर येते. पाणी उकळूनच द्या आणि ते कुठून खराब होतंय ते आधी बघा."

कुठून होतंय ते मला बघायचीही गरज नव्हती.

घरी येऊन बायकोनं दोन पातेली उकळायला ठेवली. पण पाणी का फक्त प्यायलाच लागतं? सून त्याच पाण्यानं चूळ भरायची, त्याच पाण्यात कोथिंबीर धुवायची. माझा मुलगा म्हणाला, "आबा, जार लावू या आपण पण." मला त्याचा राग आला. आमच्या हक्काचं चांगलं पाणी रस्त्यावरच्या पाईपातून दारापर्यंत येतं. दारात येऊन ते नासतं, तेही आमच्याच माणसाच्या हातून, आणि आम्ही बाहेरून विकत आणायचं? उद्या कुणी दारात घाण टाकली तर घर सोडून जायचं का?

त्याच आठवड्यात काकीनं मला हाक मारली. काकी म्हणजे धाकट्याची आई, आमच्यात सगळ्यात वडील. वॉशिंग सेंटरच्या मागच्या खोलीत तिचा स्वयंपाक आणि देव. फिल्टरचं पाणी तिला चालायचं नाही, पाणचट लागतं म्हणायची. मी गेलो तर तांब्याचा तांब्या पुढं करून म्हणाली, "बघ रं. देवाला घालाय पाणी भरलं तर फेस."

फेसाला वास येत होता, लिंबाचा. गाड्यांच्या शांपूचा.

धाकट्याला बोलावलं. त्यानं तांब्या हुंगला. "तुज्या हाताला साबण असंल, आई."

"मी देवाचं पाणी साबणाच्या हातानं भरीन व्हय?" काकी म्हणाली. "तुज्या बापाच्या येळंपास्नं भरतीय."

मी म्हणालो, "आज पाणी जायची वेळ होईतो थांब. दाखवतो."

पाणी दहाच्या सुमाराला जायचं. मी बायकोला खाली आमच्या घरचा नळ उघडा ठेवायला सांगितलं आणि काकीच्या नळाची धार बारीक झाली तसा पाण्यानं भरलेला पेला खालून वर धरला, नळाचं तोंड पाण्यात बुडेल असा. धार थांबली. क्षणभर काही झालं नाही. धाकटा मोबाईल बघत उभा होता. मग पेल्यातलं पाणी उतरायला लागलं. कुणी पीत नाही, कुठं सांडत नाही, तरी पेला रिकामा होत चाललेला. नळच पीत होता.

"अगं बया," काकी म्हणाली. "ह्यो तर पितोय."

"असाच तिकडं हौद पितोय," मी म्हणालो. "आणि पिऊन खाली आम्हाला देतोय."

धाकट्यानं पेल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. चांगला बी.कॉम. झालेला आहे, डोळे धड आहेत. तो म्हणाला, "मग तुमचा खालचा नळ बंद ठेवत जावा की, दादा. तुमी उघडा ठिवता म्हणून वरचं वढतंय."

मी त्या दिवशी त्याच्या कानाखाली वाजवली नाही ती फक्त काकी समोर होती म्हणून.

"माझ्या घरात गरोदर बाई हाय," मी म्हणालो. "पडदा लाव. आज लाव. मी बसवतो, मी टेस्ट करतो, तू नुसता बाजूला हो."

"शनवार-रविवार गर्दी असती. लाईन बंद ठिवता येणार न्हाई. एवढी भीती वाटत असंल तर सुनंला पाठवा कुठंतरी दोन म्हैनं."

कुठं पाठवा? आई नसलेल्या पोरीला, आठव्याच्या तोंडावर, गाड्या धुवायच्या म्हणून?

मी महापालिकेच्या पाण्याच्या ऑफिसात गेलो. तिथला इंजिनियर तरुण, बोलायला सरळ. माणसं पाठवून त्यानं आमच्या नळाचं पाणी बाटलीत भरून नेलं. पण नेलं कधी, तर सकाळी, पाणी जोरात असताना. तेव्हा ते चांगलंच असणार. रिपोर्ट चांगला आला आणि धाकट्यानं तो सेंटरच्या काचेला चिकटवला, देवाचा फोटो लावावा तसा. मी परत गेलो, पेल्याची गोष्ट सांगितली. इंजिनियर म्हणाला, "तुमचं म्हणणं मला पटतंय, काका. पण कनेक्शन चौघांत एक आहे. मीटरच्या आत आम्हाला काही करता येत नाही. बंद करायचं तर सगळ्यांचंच बंद करावं लागेल. तुमच्या घराची घरपट्टी तुमच्या नावावर आहे ना? मग तुम्ही वेगळं कनेक्शन घ्या. फक्त आधी जुना फाटा कायमचा बंद करून दाखवावा लागेल."

संध्याकाळी मी मधल्या दोन्ही घरांत जाऊन सांगितलं की मी वेगळा होतोय, तुम्हीही व्हा. थोरल्या चुलतभावाची बायको तेव्हा अजून पिवळी होती, अंथरुणाला खिळलेली. तो तिच्या उशाशी बसून मला म्हणाला, "आजोबांच्या नावाचा नळ हाय. त्येवढा एकच राह्यलाय आपल्यात. त्यो तोडला तर लोक काय म्हणतील?"

मी म्हणालो, "लोक वैनीला बघायला आले होते का?"

"त्ये येगळं."

मला हे वेगळं अजून कळलेलं नाही. बाईची कावीळ वेगळी आणि घराण्याची अब्रू वेगळी, आणि अब्रू मोठी. आजोबा असते तर त्यांनीच पहिला घाव घातला असता असं मी म्हणतो. भावकी म्हणते, ते रडले असते. मेलेल्या माणसाला आपल्या बाजूनं उभं करणं सोपं असतं, त्यांनाही आणि मलाही.

शनिवारी सकाळी, चांगली गर्दी असताना, मी पाना आणि हॅक्सॉ घेऊन बाहेर पडलो. दिवस मुद्दाम निवडला. चोरून करायचं काम नव्हतं ते. सामाईक पाईपातून माझ्या घराकडं जो फाटा यायचा त्याच्यापाशी उकिडवा बसलो आणि कापायला लागलो. जुनं लोखंड, वेळ लागला. मधल्या घरातली माणसं ओट्यावर आली. धाकटा वरून पळत आला, पायात गमबूट, तसाच.

"दादा, काय करताय ह्ये?"

"वाटणी."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय तुझ्या पडद्यासारखं झाकण लावून करू?"

गाडीवाले गाडीतून उतरून बघत होते. पाईप तुटला, थोडं पाणी उडालं, मी सामाईक पाईपाच्या तोंडाला डमीचं बूच ठोकून पक्कं केलं. माझ्या बाजूचं तोंडही बंद केलं. माझी बायको दारात उभी होती. तिनं डोळ्याला पदर लावलेला मी बघितला. नंतर मला म्हणाली, "अहो, बरोबरच केलंत. पण मी या घरात आले तेव्हा त्याच नळावर पहिली कळशी भरली होती."

नवीन कनेक्शन मिळेपर्यंत आमच्या घरात नळ नव्हता. मारुतीच्या देवळाला वेगळी लाईन आहे, तिथून पाणी आणायचो. मुलगा मोटारसायकलवर कॅन आणायचा, मी आणि बायको कळशा. माझ्या वयाला ते काम जड होतं, खोटं कशाला सांगू. वॉशिंग सेंटरसमोरून भरली कळशी खांद्यावर घेऊन जाताना मी मान ताठ ठेवायचो. तिथली कामगार पोरं पाईपाची धार बाजूला घ्यायची, मला वाट द्यायला. सून एकदा म्हणाली, "मामा, माझ्यामुळं तुम्हाला केवढा त्रास." मी म्हणालो, "तुझ्यामुळं न्हाई गं. तू फक्त पी."

दोन-तीन दिवसांतच एका सकाळी काकी आली. ऐंशी ओलांडलेली बाई, एका हातात काठी, एका हातात तांब्या, सगळा उतार उतरून. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "देवळाचं हाय नव्हं? मला एक तांब्या दे. देवाला बी आणि मला बी."

रोज यायची. मुलाच्या दारावरून, गिऱ्हाइकांच्या देखत, रिकामा तांब्या घेऊन खाली आणि भरलेला घेऊन वर. धाकट्यानं गडी पाठवतो म्हटलं तर नको म्हणाली. कुणी विचारलं तर मोठ्यानं सांगायची, "लेकाच्या नळाला गाड्या धुतल्याला वास येतोय." मी हॅक्सॉ चालवून जे झालं नाही ते म्हातारीच्या तांब्यानं केलं. महिना व्हायच्या आत धाकट्यानं प्लंबर बोलावून नवा व्हॉल्व्ह बसवला आणि हौदातला पाईपही वर घेतला.

सून सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली वजनदार. तोवर आमचा नळही आला होता, माझ्या नावाचा, आणि त्याच्या तोंडाला मी पहिल्याच दिवशी एनआरव्ही बसवला होता. कुणी म्हणेल, आता तुझा हौदाशी काय संबंध? नातं आमचं तुटलं नव्हतं पण बोलणं तुटलं होतं. बारशाला धाकट्याची बायको आली, धाकटा आला नाही. आणि काकी परत तिच्या घरच्या नळाचं पाणी प्यायला लागली, कारण व्हॉल्व्ह बसला.

व्हॉल्व्ह बसला, पण टेस्ट कोण करणार? मी त्याच्या बायकोला विचारलं तर म्हणाली, "प्लंबर म्हणला गॅरंटी हाय." गॅरंटी व्हॉल्व्हच्या खोक्याला असते. पडद्याखाली वाळूचा एक कण अडकला की पडदा बसत नाही आणि बाहेरून काही दिसत नाही. लोक वर्षानुवर्षं बंद पडलेल्या व्हॉल्व्हवर विश्वास ठेवून पाणी पितात, आणि असा विश्वास व्हॉल्व्ह नसण्यापेक्षा वाईट. नसला तर माणूस निदान उकळून तरी पितो.

म्हणून मीच जातो. तीन-चार महिन्यांनी, न बोलावता. व्हॉल्व्हच्या अलीकडं मी एक बारकी तोटी बसवून घेतली आहे. हौदाचा पाईप तेवढ्यापुरता पाण्यात बुडवायचा, मेन बंद करायचा, तोटी उघडायची. राहिलेलं पाणी पडून थांबलं तर पडदा बसतोय. वाहतच राहिलं तर हौद मागं येतोय. एवढंच आहे. धाकटा मला ये म्हणत नाही, जाही म्हणत नाही. मी पाना काढला की सेंटरचं पाणी बंद ठेवायला पोरांना हातानं खूण करतो आणि ऑफिसात जाऊन बसतो. शनिवार असला तरी. काकी खुर्ची ओढून तोटीसमोर बसते. तिची नजर आता मंद झाली आहे, पाणी थांबलं की नाही हे ती आवाजावरून ओळखते.

गेल्या खेपेला थांबलं नाही. मी वाट बघितली, तोटी बंद करून परत उघडली, तरी धार चालूच.

"येतंय," काकी म्हणाली.

"पडदा गेलाय," मी मोठ्यानं म्हणालो, काचेपलीकडं ऐकू जाईल असा.

धाकटा बाहेर आला. माझ्याकडं न बघता गाडी पुसणाऱ्या मुलाला म्हणाला, "बोहरी आळीत जा. नवीन घेऊन ये. आणि ह्यांना विचार कुठला आणायचा."

तो मुलगा माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. मी त्याला सांगितलं कुठला आणायचा ते. मग तो धाकट्याकडं वळला आणि त्याला तेच परत सांगितलं.